सोलापुरातली लाइव्ह कॉमेडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पाच-सहा जण सोलापुरात ओपन माइक (नाव देऊन कुणीही पाच मिनिटं बोलू शकतो असा कार्यक्रम) भरवतो आणि अधूनमधून बाहेरच्या कलाकाराचा शो लावतो. शो लावतो म्हणजे बरेचदा खुर्च्या लावतो. व्हॉट्सअ‍ॅपवर, फोनवर आणि कधी थेट चहाच्या टपरीवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. उत्तरं आमच्या अनुभवातली आहेत. दुसऱ्या आयोजकाची पद्धत वेगळी असू शकते.

१. सोलापुरात स्टँडअप कॉमेडी होते तरी का?

होते. एक प्रकार दौऱ्यावरच्या शोचा. पुण्या-मुंबईचा नावाजलेला कलाकार राज्यभर फिरतो, त्यात कधी सोलापूर असतं, कधी कोल्हापूरहून गाडी थेट संभाजीनगरला जाते (का, ते प्रश्न १३ मध्ये). दुसरा प्रकार ओपन माइकचा. कॅफेच्या मागच्या खोलीत चाळीस खुर्च्या, एक माइक, एक स्पीकर आणि आठ-दहा नवशिके. बहुतेकांना फक्त पहिला प्रकार माहीत असतो, पण शहराची म्हणून जी कॉमेडी आहे ती दुसऱ्यात घडते.

२. पुढचा शो कधी आहे? कुठे कळेल?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि इथे तारीख लिहिली तर ती पंधरा दिवसांत शिळी होते. तारखा शोधायची पद्धत सांगतो. बुकमायशो आणि डिस्ट्रिक्ट या दोन्ही अ‍ॅपवर शहर 'सोलापूर' निवडा. बऱ्याच जणांचं अ‍ॅप पुण्यावर अडकलेलं असतं आणि मग 'आपल्याकडे काही नसतंच बे' म्हणून मोकळे होतात. आवडत्या कलाकाराचं इन्स्टाग्राम पाहा. दौऱ्याची यादी तिथे अ‍ॅपच्या आधी येते. यादीत सोलापूर नसेल तर खाली लिहा. ही कॉमेंट वाया जात नाही, कारण पुढचं शहर ठरवताना कलाकारांची टीम अशा कॉमेंट मोजते. ओपन माइकची जाहिरात मात्र अ‍ॅपवर क्वचितच सापडेल. ती कॅफेच्या स्टोरीत येते आणि चोवीस तासांत नाहीशी होते.

३. शो नेमके कुठे होतात?

मोठा कार्यक्रम म्हटला की पहिलं नाव पार्क चौकाजवळच्या हुतात्मा स्मृती मंदिराचं. महापालिकेचं हे नाट्यगृह ज्यांच्या नावाने आहे ते मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा हे चार हुतात्मे. १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी त्यांना येरवड्यात फाशी दिली. नाटकाचा रंगमंच स्टँडअपला जरा मोठाच पडतो. एकटा माणूस आणि एक स्टूल मधोमध हरवून जातं. म्हणून आम्ही मागचा पडदा शक्य तितका पुढे ओढून घेतो.

मध्यम आकाराच्या कार्यक्रमांसाठी डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह आणि नवी पेठेतलं शिवस्मारक ही नावं सोलापूरकरांच्या पाठ असतील. बाकी हॉटेलांचे बँक्वेट हॉल आणि विजापूर रोड, होटगी रोड, जुळे सोलापूर या भागातले कॅफे.

आमच्या मते स्टँडअपसाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे कमी उंचीच्या छताची, भरगच्च, थोडी गैरसोयीची खोली. छत उंच असलं की हसू वर जातं आणि परत येत नाही. शंभर जण पन्नासच्या जागेत बसले तर साधा विनोदही उचलला जातो. हेच शंभर जण पाचशेच्या सभागृहात विखरून बसले की प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच हसतोय, आणि मग कुणीच हसत नाही.

४. स्टँडअप, एकपात्री, मिमिक्री, हास्यजत्रा यांत फरक काय? सगळं एकच ना?

हसणं एकच, काम वेगळं. टीव्हीवरच्या प्रहसनात पात्रं, वेशभूषा आणि समोर सहकलाकार असतो. मिमिक्रीत दुसऱ्याचा आवाज. एकपात्रीत एकच नट अनेक पात्रं करतो. स्टँडअपमध्ये माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कपड्यांत, स्वतःचं लिहिलेलं बोलतो. नट आणि प्रेक्षक यांच्यातली न दिसणारी 'चौथी भिंत' नसते, म्हणून समोरच्या काकांनी खोकलं तरी त्याची दखल घ्यावी लागते.

हे खूळ नवीन आहे असं म्हणणाऱ्यांना आपलाच जिल्हा दाखवावा लागतो. पंढरपूरच्या वाळवंटात भारूड करणारा माणूस प्रेक्षकांतल्या एखाद्याला हेरून त्याच्या तोंडावर बोलायचा. आज त्यालाच क्राउडवर्क म्हणतात. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या गावच्या पाटलाची, सावकाराची टोपी उडवायचा तो लिहिलेल्या ओळींपेक्षा जास्त त्या दिवशीच्या गावावर बेतून. मोडनिंबची कला केंद्रं याच जिल्ह्यात आहेत. आणि अकलूजला जन्मलेले, पंढरपुरात शिकलेले द. मा. मिरासदार? शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासोबत त्यांनी महाराष्ट्रभर कथाकथन केलं. एक माइक, एक माणूस आणि खचाखच भरलेला मांडव. फक्त तिकिटावर 'स्टँडअप' छापलेलं नव्हतं.

५. शो मराठीत असतो की हिंदीत?

जाहिरातीत लिहिलेलं असतं, ते वाचा. 'मराठी-हिंदी' असं लिहिलं असेल तर कलाकार समोर कोण बसलंय ते पाहून ठरवणार असं समजा. इंग्रजी शो इथे जवळजवळ चालत नाहीत.

मराठी स्टँडअपला ऑनलाइन प्रेक्षक मिळवून देण्यात २०१६ साली सुरू झालेल्या भाडिपा (भारतीय डिजिटल पार्टी) या यूट्यूब चॅनेलचा मोठा हात आहे. पण त्या काळात आलेली मराठी पुण्या-मुंबईची. सोलापूरची पोरं सुरुवातीला तीच बोलायची, 'अरे यार, काय सांगू तुम्हाला' वगैरे. एका ओपन माइकला एक यंत्रमागवाल्याचा मुलगा असा पुणेरी धाटणीचा सेट (माइकवर बोलायचा आपला मजकूर) करत होता. चार मिनिटं शांतता. शेवटी वैतागून तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "काय करलालास बे तू इथं?" खोली फुटली. त्याला वाटलं चुकून झालं. पुढच्या वेळी त्याने सगळा सेटच त्या भाषेत आणला.

आमच्या बोलीत मराठी आहे, कन्नडचा हेल आहे, तेलुगू शब्द आहेत आणि दखनीची फेक आहे. 'बे' हा शब्द पुण्यात भांडण लावतो, इथे तो स्वल्पविराम आहे. आई मुलाला बे म्हणते, मुलगा आईला म्हणत नाही, आणि हा नियम कुठेही लिहिलेला नाही. असल्या गोष्टींवर अजून कितीतरी विनोद लिहायचे शिल्लक आहेत. त्यामुळे बाहेरच्या कलाकारांनाही आम्ही एवढंच सांगतो की बोलीची नक्कल करू नका, तुमची भाषा बोला. नक्कल जमली नाही की पहिली रांग हाताची घडी घालते.

६. आमच्या घरात तेलुगू बोलतात. आम्हाला शो कळेल का?

पूर्व भागातून हा प्रश्न येतो तेव्हा आम्हालाच हसू येतं. सोलापुरात तीन भाषा येणारा माणूस म्हणजे काही विशेष नाही. तुम्हाला पुणेरी कलाकारापेक्षा जास्त कळेल. पूर्ण तेलुगू किंवा कन्नड शो आम्ही अजून लावलेला नाही, पण ओपन माइकवर भाषेचं बंधन नाही. एका पद्मशाली मुलीने आजीचे संवाद तेलुगूत आणि स्वतःचे मराठीत असा सेट केला होता. तेलुगू न येणारेही हसले, कारण आजीचा सूर सगळ्यांच्या घरातला होता.

७. तिकीट किती असतं? आणि ते ४९९ च का असतं?

ओपन माइक १०० रुपयांच्या आसपास, कधी त्यातच चहा. दौऱ्यावरच्या मराठी कलाकाराचा शो साधारण ३०० ते ५०० मध्ये. टीव्ही-ओटीटीवरचं मोठं नाव असेल तर वर.

४९९ मागे दोन कारणं आहेत. एक बाटाच्या चपलेचं. दुसरं कराचं. नाटकासारख्या रंगमंचीय प्रयोगाच्या तिकिटावर ५०० रुपयांपर्यंत जीएसटी लागत नाही, त्याच्या वर गेलं की लागतो. म्हणजे ५१० चं तिकीट लावून आयोजकाच्या हातात ४९९ पेक्षा कमी येतं. अ‍ॅपवर शेवटी जी वाढीव रक्कम दिसते ती अ‍ॅपचं सुविधा शुल्क असतं. ते आमच्या खिशात येत नाही, कृपया त्यावरून दारात भांडू नका.

८. पास मिळेल का?

नाही.

(नगरसेवकांच्या ओळखीने, पेपरवाल्या मित्राच्या ओळखीने, 'मी तुझ्या वडिलांबरोबर कामाला होतो' या ओळखीनेही नाही. ज्या माणसाने रविवारी सहा जणांच्या मटण थाळीचं बिल डोळे न मिचकावता भरलं, त्यानेच सोमवारी पास मागितला होता. प्रश्न १३ वाचा, मग कळेल आम्ही एवढे कडवट का.)

९. साडेसातचा शो म्हणजे नक्की किती वाजता?

साडेसातचा शो सात पन्नासला. ही सवय आम्हाला मोडायची आहे, पण सात पंचविसाला सभागृहात वीस जण असतात आणि सात पंचेचाळिसाला दोनशे. उशिरा येऊन टॉर्च लावत मधल्या रांगेत घुसलात तर कलाकार तुमच्यावर बोलेल, आणि ती चूक आमची नसेल.

शो सव्वानऊ-साडेनऊला संपवण्याची घाई असते त्याचंही कारण आहे. मुंबईचे कलाकार बऱ्याचदा रात्री साडेदहाच्या सुमाराची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून परत जातात. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आली, पण ती मुंबईहून दुपारी चारच्या सुमारास निघते आणि इथे रात्री पावणेअकराच्या आसपास पोचते, म्हणजे त्याच दिवशीच्या शोला तिचा उपयोग शून्य.

१०. आई-वडिलांना घेऊन येऊ का? मुलांना?

जाहिरातीत '१६ वर्षांवरील' किंवा '१८ वर्षांवरील' लिहिलेलं असेल तर ते खरं समजा. 'आमचा समजूतदार आहे हो' हे चालत नाही. विनोद मुलाला कळेल याची आम्हाला चिंता नसते. मुलाशेजारी बसलेले तुम्ही हसणार नाही, तुमच्या शेजारचे अवघडतील आणि अख्खी रांग थंड पडेल, ही चिंता असते.

आई-वडिलांचं म्हणाल तर त्यांच्याबद्दल मुलंच जास्त घाबरतात. तमाशाच्या बतावण्या ऐकलेल्या पिढीला आजचा मराठी स्टँडअप फार चावट वाटत नाही. ओपन माइकला मात्र आई-वडिलांना आणू नका. तिथे काय निघेल ते आम्हालाही माहीत नसतं.

११. पुढच्या रांगेत बसलं की आपली चेष्टा करतात म्हणे?

करतात, पण बहुतेक प्रश्न दोनच असतात. काय करता आणि कुठून आलात. सरळ उत्तर द्या. स्वतः विनोद करायला जाऊ नका, हात बांधून गप्पही बसू नका. 'चादरीचा धंदा' हे उत्तर आतापर्यंत इतक्यांदा आलंय की बाहेरचे कलाकार त्यासाठी विनोद घेऊनच येतात. कुणी 'विमा' म्हटलं की ते खूश होतात. बोलायची इच्छाच नसेल तर तिसऱ्या रांगेच्या मागे, कडेला बसा.

१२. मोबाईलवर शूट केलं तर चालेल का? फक्त स्टेटससाठी.

नाही. कलाकार एकच तास वर्षभर घासत गावोगाव फिरतो आणि मग तो रेकॉर्ड करून विकतो. तुमच्या तीस सेकंदांच्या स्टेटसमध्ये विनोदाचा शेवट गेला की पुढच्या गावात तो मेला. शिवाय अर्धवट क्लिपमुळे वाद झाला तर काय होतं त्यासाठी प्रश्न १९ आणि २० पाहा. शो संपल्यावर कलाकार स्वतः सांगतो की आता काढा, तेव्हा हवं तेवढं काढा.

याच्याच उलट बाजूचा प्रश्नही येतो, की यूट्यूबवर पाहिलेलंच पुन्हा ऐकवणार का? सहसा नाही. प्रसिद्ध झालेलं साहित्य बहुतेक जण दौऱ्यावर करत नाहीत. शोचं नाव नवं असेल तर साहित्यही नवं असतं.

१३. मोठे कलाकार सोलापुरात का येत नाहीत? आणि जाहीर झालेले शो रद्द का होतात?

हिशेब मांडून दाखवतो. समजा ३०० खुर्च्यांचा हॉल आणि ४९९ चं तिकीट. झाडून सगळी विकली तर १,४९,७०० रुपये. त्यातून कलाकाराचं मानधन, त्याच्या आधी दहा मिनिटं करणाऱ्याचं मानधन, टूर मॅनेजर, तिघांचा प्रवास आणि हॉटेल, हॉलचं भाडं आणि अनामत, साउंड, लाइट, अ‍ॅपचं कमिशन, पोस्टर, इन्स्टाग्रामची जाहिरात. हॉल पूर्ण भरला तरच काहीतरी उरतं. अर्धा भरला तर आयोजक पदरचे घालतो.

आता खरी मेख. पुण्यात तिकीट विक्रीला लागलं की पहिल्या तीन-चार दिवसांत चांगला आकडा दिसतो. सोलापूरकर शनिवारच्या शोचं शनिवारी संध्याकाळी सहाला ठरवतो. 'जाऊ की, कुठं पळून चाललाय शो!' बुधवारी मुंबईत बसलेला मॅनेजर अ‍ॅप उघडतो तेव्हा त्याला ३०० पैकी ४१ तिकिटं दिसतात. त्याला कसं पटवायचं की हे शहर शेवटच्या दोन तासांत जागं होतं? तो शो रद्द करतो. शनिवारी दीडशे लोक दारात विचारायला येतात आणि 'आपल्याकडे असंच' म्हणत परत जातात. एकदा हे आमच्याच शोचं झालं. रद्द झाल्याचा फलक मीच धरून उभा होतो आणि दारावर तिकीट मागणाऱ्यांची संख्या मोजत होतो. १३० नंतर मोजणं सोडून दिलं. ते सगळे बुधवारच्या आधी आले असते तर आत बसले असते.

कलाकाराला सोलापूर आवडत नाही, प्रेक्षक रसिक नाही, हे सगळं खोटं. ज्या शहराने अतुल कुलकर्णींसारखा नट हौशी रंगभूमीवर घडवला, तिथला प्रेक्षक समजदार आहेच. तो फक्त उशिरा तिकीट काढतो.

१४. कोणत्या महिन्यांत शो जास्त असतात?

ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर आणि मग फेब्रुवारी चांगले. गणपतीचे दहा दिवस मात्र सोडून. नोव्हेंबर-डिसेंबरात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीमुळे मोठ्या नाट्यगृहाच्या तारखा मिळणं अवघड. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वर यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुका आणि होम मैदानावरची गड्डा यात्रा सुरू असताना तिकीट लावणारा आयोजक एक तर बाहेरचा असतो नाहीतर भोळा. मार्चमध्ये परीक्षा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. एसी नसलेल्या हॉलमध्ये लोक हसण्यापेक्षा जाहिरातीच्या कागदाने वारा घेतात. तो फडफडाट लांबून टाळ्यांसारखा ऐकू येतो, नवशिके फसतात.

१५. आम्ही बाहेरगावाहून येणार आहोत. परत जाता येईल का?

अक्कलकोट साधारण ४० किलोमीटर, तुळजापूर त्याहून थोडं जास्त, बार्शी आणि पंढरपूर सत्तरेक. शो साडेनऊला सुटतो. एसटीच्या भरवशावर राहण्याआधी शेवटची गाडी स्टँडवर विचारून ठेवा. चार-पाच जण मिळून गाडी करून येणारे जास्त असतात. बार्शीहून एक ग्रुप नेहमी येतो आणि नेहमी शेवटच्या रांगेत बसतो, का ते अजून विचारलेलं नाही.

१६. मला ओपन माइकवर बोलायचंय. काय करू?

आधी एक ओपन माइक प्रेक्षक म्हणून पाहा. मग नाव द्या. पाच मिनिटं मिळतात. चौथ्या मिनिटाला मागून मोबाईलचा दिवा दाखवतो, म्हणजे आवरा. दिवा दिसूनही बोलत राहिलात तर माइक बंद होतो, आणि हे आम्ही प्रेमाने करतो.

पाच मिनिटांसाठी लिहिलेलं दीड पान पुरतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे विनोद नकोत, नवरा-बायकोचे तर नकोतच. तुमच्याच घरातली, कारखान्यातली, वर्गातली अशी गोष्ट घ्या जी तुम्ही मित्रांना सांगता तेव्हा ते हसतात, आणि ती सांगताना तुम्ही कोणते तपशील गाळता ते पाहा. बहुतेक वेळा विनोद गाळलेल्या तपशिलात असतो. एकाने सासऱ्याच्या कंजूषपणावर पाच मिनिटं केली, हशा बेताचा. नंतर चहा पिताना म्हणाला, सासरे शेंगा चटणीच्या डब्याला आतून पेनाने रेघ मारून ठेवतात. अरे, मग हे वर का नाही बोललास?

आणि माइक तोंडापासून चार बोटांवर धरा. छातीवर धरून बोललात तर आधी आवाज जातो, मग धीर.

१७. कुणीच हसलं नाही तर?

हसणार नाहीत. पहिल्या वेळी बहुधा नाहीच. माझ्या पहिल्या सेटला नऊ प्रेक्षक होते, त्यातले सहा पुढे बोलणारे होते आणि आपापल्या वह्या वाचत होते. एक काका कॅफेत फक्त चहाला आले होते. तेवढे ते हसले, तेही माझा पाय वायरीत अडकला तेव्हा. घरी जाऊन झोपा आणि सकाळी कोणत्या वाक्याला काय झालं ते लिहून काढा. सेट मोबाईलवर ध्वनिमुद्रित केला असेल तर (स्वतःचा चालतो) तो ऐका. आपण विनोदाचा शेवट घाईत गिळतो, हे ऐकल्याशिवाय कळत नाही.

१८. मी मुलगी आहे. घरी काय सांगू, आणि तिथलं वातावरण कसं असतं?

घरी 'कथाकथन' सांगून आलेल्या दोघी आहेत. चूक-बरोबर तुम्ही ठरवा. मुलींची नावं आम्ही यादीत आधी घेतो म्हणजे नऊच्या आत घरी पोचता येतं. प्रेक्षकांतून कुणी घाणेरडं बोललं तर त्याला बाहेर काढतो, पैसे परत न देता. असं दोनदा केलंय. एरवी वातावरण कॉलेजच्या स्नेहसंमेलनासारखं, थोडं जास्त घाबरलेलं.

१९. कशावर बोलू नये? कायदा काय म्हणतो?

आम्ही वकील नाही, पण माइक हातात घेणाऱ्याला एवढं माहीत असावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २९९ खाली हेतुपुरस्सर धार्मिक भावना दुखावणं हा गुन्हा आहे, कलम ३५६ बदनामीचं. 'विनोद होता' हे स्पष्टीकरण देता येतं, पण ते बहुधा पोलीस ठाण्यात बसून द्यावं लागतं.

ओपन माइकवर आम्ही कुणाचं लिखाण आधी तपासत नाही. फक्त सांगतो की जात, धर्म आणि महापुरुष यांच्यावर पाच मिनिटांत काही धड बोलता येत नाही. दहा वर्षं काम केलेल्यांनाही अवघड जातं. नवशिका तिथे हात घालतो तो धाडसामुळे नाही, दुसरं काही सुचत नाही म्हणून. महापालिकेच्या पाण्यावर मात्र पोट भरून बोला. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या शहरात या विषयाला पहिल्या वाक्यापासून साथ मिळते.

२०. २०२५ मध्ये सोलापुरात कॉमेडियनला मारहाण झाली होती ना? मग शोला यावं का?

झाली होती, लपवण्यात अर्थ नाही. २ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रणित मोरे याच्या शोनंतर चाहते म्हणून फोटोसाठी आलेल्या ११-१२ जणांनी त्याला मारहाण केली, असं त्याच्या टीमने इन्स्टाग्रामवर जाहीर केलं. अभिनेता वीर पहारिया याच्यावर केलेल्या विनोदांवरून हे झालं, असं त्यात म्हटलं होतं. पहारियाने आपला या मारहाणीशी संबंध नसल्याचं सांगितलं, निषेध केला आणि माफीही मागितली.

त्या शोशी आमचा संबंध नव्हता, पण पुढचे महिनाभर बाहेरचा प्रत्येक कलाकार फोनवर पहिलं तेच विचारायचा. प्रेक्षकाला त्रास झाल्याचं आमच्या पाहण्यात नाही. आम्ही आमच्यापुरते दोन बदल केले. शोनंतर फोटो आता हॉलच्या आतच, दारं उघडी आणि दिवे पूर्ण लावून, ओळीने. आणि कलाकार बाहेर पडताना आमच्यातले दोघे गाडीपर्यंत बरोबर जातात. तुमचा फोटो राहिला तर त्यामागे हे कारण आहे, कलाकाराला माज आलेला नसतो.

२१. माझा कॅफे आहे. तिथे शो ठेवायचा तर परवानगी लागते का?

तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करायचा तर स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज द्या, तारखेच्या बऱ्याच आधी. महाराष्ट्रात नाटकांच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या कार्यक्रमासाठी काय काय हवं ते अर्ज देतानाच विचारून घ्या आणि पोच घ्या. प्रवेशाच्या वेळी गाणी वाजवणार असाल तर त्यांचा परवाना वेगळा. शोपुरती गाणी न वाजवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

परवानगीपेक्षा मोठी अडचण मिक्सरची असते. विनोदाचा शेवट आणि कोल्ड कॉफीचा मिक्सर यांची वेळ नेहमी जुळते. ऑर्डर शोच्या आधी घ्या, मध्ये स्वयंपाकघर बंद ठेवा. ज्या मालकाला हे पटत नाही त्याच्याकडे आम्ही दुसऱ्यांदा जात नाही.

२२. मंडळाच्या गणपतीत, सोसायटीत किंवा लग्नात कॉमेडियन बोलावता येईल का?

बोलावता येईल, पण मालक, आधी ऐका. उघड्यावर स्पीकर रात्री १० ला बंद. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. बंदिस्त सभागृहाच्या आतला आवाज त्यातून वगळलेला आहे आणि सरकार सणांचे मोजके दिवस १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. त्या दिवसांत तुमचा दिवस आहे का ते पाहा. मंडळाची आरती साडेआठला संपणार, मग सत्कार, मग प्रायोजकांचं मनोगत. कलाकाराच्या हातात माइक येतो दहाला दहा कमी असताना.

लग्नात नको. लोक जेवायला आलेले असतात, कुणी खुर्ची वळवून बसत नाही आणि वरमाईवरचा एक विनोद दोन घरं तोडतो. कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमाला मात्र मजा येते. मागाच्या खडखडाटात मोठ्याने बोलायची सवय असलेली माणसं हसतातही मोठ्याने.

२३. शो चालू असताना वीज गेली किंवा मध्येच थांबवावा लागला तर पैसे परत मिळतात का?

शो आधीच रद्द झाला तर अ‍ॅपवरून काढलेल्या तिकिटाचे पैसे ज्या खात्यातून गेले तिथे परत येतात. पाच ते सात कामकाजाचे दिवस धरून चाला. तारीख पुढे ढकलली असेल आणि नवी तारीख जमत नसेल तर मेसेज आल्या आल्या परतावा मागा. शोच्या दिवशी मागितला तर मिळत नाही.

मध्येच थांबला तर आमचा नियम अर्ध्या तासाचा. मुख्य कलाकाराने अर्धा तास पूर्ण केला असेल तर परतावा नाही, त्याच्या आत थांबला तर सगळे पैसे परत. आतापर्यंत एकदाच वेळ आली, सत्ताविसाव्या मिनिटाला. जनरेटरवाला जेवायला गेला होता. कलाकार माइकशिवाय, मोबाईलच्या उजेडात आणखी वीस मिनिटं बोलला, लोक जागचे हलले नाहीत. तरी सत्तावीस म्हणजे सत्तावीस, पैसे परत केले. अकरा जणांनी ते घेतले नाहीत आणि त्यातल्या एकाने पुढच्या शोला पास मागितला. त्याचं उत्तर प्रश्न ८ मध्ये आहे.